वहिनीनं न घेतलेली शपथ

संशय हा माझा जन्मजात गुण आहे. दोष म्हणणारे म्हणोत. दूधवाल्याचं माप किती खाली राहिलं ते मला लांबून दिसतं. फळ्याकडे तोंड करून लिहीत असले तरी मागच्या बाकावर कोण कुणाच्या वहीत डोकावतंय ते कळतं. नवरा म्हणतो, तू शाळेत नाही, ठाण्यात असायला हवी होतीस. त्यामुळे माझ्या वहिनीनं माहूरचा तांबूल खाल्ला नाही, हे घरात सगळ्यांच्या आधी मलाच दिसलं, यात नवल काही नाही.

आमची कुलदेवता माहूरची रेणुका. तिथला प्रसाद म्हणजे तांबूल, विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप असं सगळं खलबत्त्यात कुटून केलेला. दरवर्षी मी नांदेडहून माहूरला जाऊन येते आणि मग प्रसाद घेऊन लातूरला भावाकडे जाते. लातूरला माझा मोठा भाऊ, त्याची बायको आणि आमची आई. आई ऐंशीच्या पुढची, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. तोंडात दात नाहीत, पण तांबुलासाठी जीव टाकायची. तिचं सगळं करणारी वहिनी. अंघोळ, जेवण, कूस बदलणं, बाकीचंही सगळं. मी लेक असून दोन दिवसांत थकायचे. ती वर्षानुवर्षं करत होती.

त्या वर्षी मी प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवला. दादानं लगेच तोंडात टाकला. आईला वहिनीनं भरवला. स्वतःच्या तळहातावरचा मात्र तसाच ठेवून ती म्हणाली, "कुकर बघते," आणि आत गेली. कुकरची शिट्टी झालेली नव्हती. संध्याकाळी तोच तांबूल मला ओट्यावरच्या वाटीत झाकलेला दिसला, आणि रात्रीच्या जेवणाआधी तो आईच्या तोंडात गेला.

"आत्याबाईंना लई आवडतो, म्हणून ठेवला," वहिनी सासूकडे बघत म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण पूर्णही नव्हतं. तिच्या कपाळावर टिकली होती, गळ्यात मंगळसूत्र होतं, त्यामुळे बोट ठेवायला जागा नव्हती. मी देवघराकडे पाहिलं. सकाळची पूजा आता दादा करत होता, जो पूर्वी देवापुढची उदबत्तीसुद्धा बायकोला सांगून लावून घ्यायचा.

"तिची पाठ दुखते," तो फरशीकडे बघत म्हणाला. माझा भाऊ वर बघून कधीच खोटं बोलू शकला नाही.

खरं काय ते त्यानं मला स्टँडवर सोडताना, स्कूटरवर सांगितलं. समोर रस्त्याकडे बघत, म्हणजे माझं तोंड बघावं लागू नये. वहिनीला मधली दोन-तीन वर्षं झोप येत नव्हती, हे मला माहीत होतं. कुणीतरी दाराशी उभं आहे असं तिला वाटायचं. घरभर फिरायची, कड्या तपासायची, गॅस तपासायची, आणि पहाटे आईच्या पायथ्याशी थरथरत बसायची. लातूरचे डॉक्टर झाले, सोलापूरचे झाले. अंगारा झाला, दर्ग्याचा दोरा झाला. माहूरला तर मीच तिच्या नावानं ओटी भरून आले होते. काही उपयोग झाला नाही. मग गल्लीतली एक बाई तिला रविवारच्या प्रार्थनेला घेऊन गेली. गावाबाहेर पत्र्याची शेड, तिथं पंचवीस-तीस माणसं जमतात, गातात. वहिनी गेली, बसली, परत आली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी उठली नव्हती, म्हणून दादा घाबरून तिच्या नाकाशी सूत धरायला गेला.

"झोपली ना ती, बास," दादा म्हणाला. "मला कोणता बी देव चालतो."

"दिलं काय त्यांनी?"

त्यानं स्कूटर कडेला घेतली. मागे वळून म्हणाला, "बहीण हायस म्हणून ऐकून घेतलं. तिला इचारू नको हे."

मला सांगितलं की करू नको, की ते मी करणारच. पुढच्या खेपेला मी घरभर नजर फिरवली. नवीन मिक्सर, तांदळाचं पोतं, काहीतरी असेलच असं वाटत होतं. मिक्सर जुनाच होता, झाकणाला रबर लावलेला. तांदूळ नेहमीच्या डब्यात, नेहमीचे. मी कपाटासमोर उभी असताना वहिनी आली, साड्यांच्या घडीखालून काळ्या कव्हरचं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"ताई, तुम्ही जे हुडकून राहिलात ते हे हाय."

"त्यांनी तुला काय दिलं?" मी विचारलंच.

"झोप दिली," ती म्हणाली.

मी तो विषय सोडला. सोडला म्हणजे तेवढ्यापुरता.

नांदेडला परतल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो माणूस कशानंच हलत नाही. म्हणाला, "तेहतीस कोटी आहेत, त्यात एकाची भर. तुझं काय जातंय?" मलाही ते पटलं. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला फोटोफ्रेमची दुकानं आहेत, तिथं सगळे मिळतात. गुरू मिळतात, बालाजी मिळतो, रेणुका मिळते, आणि मेंढरू खांद्यावर घेतलेला येशूही मिळतो. मी चांगली सोनेरी चौकट बघून घेतला. मनात म्हटलं, आपण मोठ्या मनाचे आहोत, होऊन जाऊ दे. लातूरला गेल्या गेल्या देवघरात बालाजी थोडा इकडे सरकवला, खंडोबा थोडा तिकडे, आणि मध्ये त्याला बसवला. कुंकू लावलं, जास्वंदीचं फूल वाहिलं, निरांजन लावलं, आणि वहिनीला हाक मारली.

"घे. आता लपवाछपवी नको."

आईचा पलंग देवघराच्या समोरच होता. तिनं मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, "चांगला हाय की. मेंढरं राखतो व्हय?"

मी हसले. वहिनी हसली नाही. ती खाली बसली, फ्रेम दोन्ही हातांनी हळूच उचलली, पदरानं काचेवरची कुंकवाची बोटं पुसली आणि म्हणाली, "ताई, राग धरू नका. तो असा रांगेत न्हाई बसत."

"का? आमचे देव हलके आहेत?"

"हलके मी कुणालाच म्हणलं न्हाई. पर तारणारा एकलाच हाय. येशू. दुसऱ्या कुणाकडून तारण न्हाई, मी तसं मानते."

हे आईला ऐकू जाऊ नये इतकं हळू, इतकं अजीजीनं बोलली की मला आणखी संताप आला. आमच्या देवघरात नवा देव आला की जुने सरकून जागा देतात. आजोबांच्या काळापासून तसंच चालत आलंय. मावशीचा दत्त आला, भाडेकरूंनी जाताना ठेवलेला अय्यप्पा आला, कुणी कुणाला बाहेर काढलं नाही. आणि हा पाहुणा म्हणतो, बाकीचे असतील तर मी बसणार नाही. मी देऊ केलेली जागा अशी परत येईल असं मला वाटलं नव्हतं. अपमान झाला होता तो देवांचा, असं मी तेव्हा म्हणाले. झाला होता तो माझाच.

"मग आण्णा?" मी विचारलं.

आण्णा म्हणजे आमचे वडील. जाऊन बरीच वर्षं झाली. पूजा झाल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नाही, ताप असला तरी.

"कुठं असतील ते, तुझ्या हिशोबानं?"

"मला न्हाई ठाऊक, ताई. ते देवाला ठाऊक."

"आणि ही?" मी आईकडे बोट केलं.

वहिनीनं आईकडे पाहिलं. फ्रेम छातीशी धरून ती तशीच बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईनं विचारलं, काय झालं गं हिला. मी म्हटलं, कांदे चिरून राहिली होती, झोंबलं असेल.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी चाकूर येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून विचार करत होते. वहिनी लोभी असती तर मी निर्धास्त झाले असते, लोभाला तोड असते. वाईट असती तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते वेगळंच होतं. तिला खरंच वाटत होतं की आई बुडणार आहे. आता एखाद्या बाईला दिसतंय की पुढं विहीर आहे, कठडा नाही, आणि आपलं माणूस अंधारात तिकडेच चाललंय. ती गप्प बसेल? मी तिच्या जागी असते तर बसले नसते. हाताला धरून, केसाला धरून ओढलं असतं. आणि वहिनीचा आईवर जीव होता, हे तर मी स्वतः सांगते. जिथं माया पण आहे आणि विश्वास पण आहे, तिथं ती एक दिवस आईच्या कानात ते नाव घालणारच, याबद्दल माझी खात्री झाली. तिच्या लबाडीवर नव्हे, तिच्या खरेपणावर माझा संशय होता.

यावर नवरा म्हणाला, "घातलं तर घातलं. काय फरक पडतो? तू तरी रोज कुठं पूजा करतेस?" त्याला काय सांगणार. मी पूजा करते की नाही हा प्रश्नच नव्हता. माझी आई जशी जगली तशी जावी, एवढंच मला हवं होतं. जन्मभर जिच्या नावानं उपास केले, जिच्या डोंगराच्या पायऱ्या गुडघे दुखत असताना चढली, तिला शेवटच्या घटकेला कुणी सांगावं की बाई, ते सगळं वाया गेलं?

संक्रांतीला गेले तेव्हा आई खूपच उतरली होती. पेज आणि चहा एवढंच पोटात जायचं. डॉक्टर म्हणाले होते, आता घरीच ठेवा. दादा ऑफिसला गेला होता, आईचा डोळा लागला होता. मी वहिनीला पलंगाजवळ बोलावलं.

"आईच्या डोक्यावर हात ठेव."

तिनं ठेवला. तिला वाटलं, ताप बघायला सांगतेय.

"आता शपथ घे. हिच्या कानात ते नाव घालणार नाहीस. हिला तिकडे वळवणार नाहीस."

वहिनीनं हात काढून घेतला. चटका बसावा तसा नाही, हळूच घेतला, आईची झोप मोडू नये म्हणून. पण घेतला.

"शपथ न्हाई घेता येत, ताई."

"का?"

"आमच्यात शपथ न्हाई. हाव तर हाव म्हणायचं, न्हाई तर न्हाई. त्याच्यावर काही लावायचं न्हाई."

मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. आमच्याकडे शपथेवाचून पान हलत नाही. मेथीची जुडी ताजी आहे हे पटवायला भाजीवाली पोटच्या लेकराची शपथ घेते. गृहपाठ घरी राहिला म्हणणारी पोरं विद्येची शपथ घेतात, आणि दप्तर तपासलं की कोरी वही निघते. शपथा मोडतात, हे कुणाला माहीत नाही? पण घेतात तरी. शपथ घ्यायलाच नकार देणारा मी आजवर एकच प्रकारचा माणूस पाहिला होता, ज्याचं मोडायचं आधीच ठरलेलं आहे तो.

"हात काढून घेतलास, त्यातच आलं सगळं," मी म्हटलं.

ती आईच्या अंगावरचं पांघरूण नीट करत राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल. तिनं दोन्ही केलं नाही.

"हाव, ताई," ती शेवटी म्हणाली. "न्हाई घेणार नाव. आत्याबाईंच्या कानावर न्हाई घालणार. जबान दिली म्हणून समजा."

आवाज इतका बसलेला होता की कुणी तिच्याकडून दागिना काढून घेतोय असं वाटावं. मला तो आवाज ऐकू आला होता. मी तो नाटकात जमा केला.

त्या दिवसापासून मी पहारा सुरू केला. रोज शाळा सुटली की फोन. वहिनी फोन आईच्या कानाला लावायची, आणि मी म्हणायचे, तिला म्हणावं जरा बाहेर जा. मग आईला विचारायचे, ती तुझ्याजवळ काय बोलते, काय वाचते, काय गाते.

"गाणं म्हणते," आई म्हणाली एकदा.

मी सरसावून बसले. "कुठलं? शब्द काय आहेत?"

"शब्द न्हाईत. नुसतं गुणगुणती. म्या म्हणलं, शब्द सांग की. तर म्हणती, सूरच गोड हाय, सूरच ऐका."

आता यात आक्षेप कशावर घ्यायचा? सुराला धर्म लावता येत नाही. पण सुरामागे शब्द असणारच, आणि ते तिच्या तोंडात येऊन थांबत असणार, एवढं मला कळत होतं. आज ना उद्या सुटेल एखादा, असं मी धरून चालले.

एकदा तर न कळवता गेले. लोहा, अहमदपूर करत बस दुपारी पोहोचली. गेट हळूच उघडलं, चपला हातात घेतल्या आणि खिडकीखाली उभी राहिले. पन्नाशी उलटलेली मास्तरीण, चोरासारखी भावाच्या अंगणात. आतून वहिनीचा वाचण्याचा आवाज येत होता. कान दिला तर ती पेपरमधून सोयाबीनचे भाव वाचून दाखवत होती. उदगीर काय, लातूर काय, हिंगोली काय. आमची जमीन विकून कैक वर्षं झाली, तरी आईला भाव कळल्याशिवाय दुपारची झोप येत नसे. मी आत गेले. वहिनीनं माझ्या हातातल्या चपला पाहिल्या आणि पाणी आणून दिलं. मी मनात म्हटलं, गेटची कडी वाजली असणार, तेवढ्यात पान बदललं असणार.

होळीच्या आसपास एका सकाळी दादाचा फोन आला, लवकर निघ. मी होते तशी निघाले. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला, आणि दुसरा फोन आला. मी सीटवर बसून रडले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं न विचारता माझा हात धरून ठेवला.

घरी पोहोचले तेव्हा आईला खाली घेतलं होतं. तोंडात तुळशीचं पान होतं. उशाशी गंगेच्या पाण्याची तांब्याची लोटी, फोडलेली. मी काशीहून आणून दिलेली, कपाटात वरच्या फळीवर असायची. समई तेवत होती. कपाळाला अंगारा, तोही माहूरचाच.

"हे सगळं कुणी केलं?" मी दादाला विचारलं.

"तिनंच. मी डॉक्टरांना आणायला गेलो होतो. आलो तवर..."

म्हणजे शेवटच्या घटकेला खोलीत दोघीच होत्या. आणि सगळं इतकं रीतीनं केलेलं की आमच्या गुरुजींनीही मान डोलवावी. नीटनेटकं पाहून माणसाला बरं वाटायला हवं. माझा संशय दुप्पट झाला. इतकी तुळस, इतकं गंगाजल, कशावर पांघरूण घालायला?

दहावा नांदेडला गोदावरीवर केला. सगळे माझ्या घरी उतरले होते. घाटावर आम्ही गेलो, वहिनी स्वयंपाकाला मागे राहिली. दादानं पिंड ठेवला, आम्ही बाजूला झालो आणि कावळ्याची वाट बघू लागलो. कावळे होते. शेजारच्या पिंडाला एक येऊन शिवून गेला, त्या घरची माणसं हात जोडून मोकळीही झाली. आमच्या पिंडाकडे कुणी बघेना.

असं झालं की गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलंय असं समजतात, आणि एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. दादा म्हणाला, आई, तुझं वर्षश्राद्ध मी चुकवणार नाही. मी म्हटलं, माहूरची वारी मी चालू ठेवीन. कावळा विजेच्या तारेवर बसून मान वाकडी करून बघत राहिला. हदगावची मावशी, आईची धाकटी बहीण, पुढे झाली आणि म्हणाली, "आक्का, पोरांची फिकीर करू नको." तरी नाही. ऊन चढलं. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"माझ्या भैनीचं मन कशात तरी गुंतून राहिलं गं," मावशी रिक्षात म्हणाली.

माझं उत्तर तयार होतं. कानात भलतंच काहीतरी पडलं होतं, म्हणून आई ना इकडची राहिली, ना तिकडची. घरात शिरले ती तशीच ओल्या पदरानं स्वयंपाकघरात गेले. वहिनी वरण घोटत होती. मी दार लोटलं.

"खरं सांग. आई जाताना तू तिच्या कानात काय म्हणालीस?"

तिनं रवी बाजूला ठेवली. हात पुसले.

"काई न्हाई म्हणलं."

"काही नाही?"

"तुम्ही म्हणला होता तसंच केलं, ताई."

"मग कावळा का शिवला नाही?"

कावळ्याचं तिला काय सांगायचं, ती ते मानत नव्हती. पण आईचं काही राहिलं, एवढं तिला त्यातून कळलं. तिचा चेहरा असा उतरला की मी दाराची कडी धरली. ती खाली फरशीवर बसली आणि मग तिनं सांगितलं. थांबत थांबत, माझ्याकडे न बघता.

"ह्यांना डॉक्टरकडं धाडलं. आत्याबाई शुद्धीवर होत्या. माझा हात धरला. म्हणल्या, पोरी, लई भ्या वाटून राहिलं. मी म्हणलं, मी हाय ना. तर म्हणल्या, तुला बी भ्या वाटायचं की. रातभर माझ्या पायापाशी येऊन बसायचीस. ते गेलं तुझं. कुणाचं नाव घेतलंस गं? मला बी सांग."

वरणाला उकळी आली होती. तिनं उठून गॅस बंद केला, परत बसली.

"मग?" मी विचारलं.

"मी न्हाई सांगितलं."

"काय म्हणालीस?"

"म्हणलं, आत्याबाई, तुमची माहूरची देवी हाय ना, तिचं घ्या. त्या म्हणल्या, तिचं घेतलं, सकाळधरनं घेऊन राहिले. तू कुणाचं घेतलंस ते सांग. माझ्या जिभेवर होतं, ताई. मला दुसरं नाव ठाऊकच न्हाई, माणूस तरतं असं. ते एकच हाय. मी लोटी फोडली, पाणी घातलं, तुळस ठेवली, तुमचं सगळं केलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आता सांगेल, मग सांगेल म्हणून बघत होत्या. तसंच बघता बघता गेल्या."

मी माझ्या सवयीनं त्यात भोक शोधलं. ही खोटं बोलत असेल तर यापेक्षा सोपं खोटं होतं. आत्याबाई देवीचं नाव घेत गेल्या, एवढं म्हटलं असतं तर मी तिला जवळ घेतलं असतं, आणि माझा पहारा त्या दिवशी उठला असता. असलं सांगून तिला काय मिळणार होतं? काहीच नाही. मला भोक सापडलं नाही. माझी आई घाबरली होती. ती शेवटपर्यंत घाबरलेली होती, आणि जी एक गोष्ट तिनं मागितली ती देणारी बाई समोर बसली होती, तिचा हात धरून. ती बाई गप्प राहिली. तिच्या हिशोबानं आई आता कुठं होती, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. गेले दहा दिवस तेच दिसत होतं, आणि मी त्याला अपराध समजत होते.

मला दया यायला हवी होती. आला तो राग. तिनं शब्द मोडावा म्हणून मी दोन महिने टपून बसले होते, आणि जेव्हा मोडायलाच हवा होता तेव्हा तिनं तो मोडला नाही.

"आई स्वतः विचारत होती," मी म्हटलं. "स्वतःच्या तोंडानं. मग माझं कशाला ऐकलंस?"

वहिनीनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"हाव म्हणलं होतं ना, ताई," ती म्हणाली, आणि बाहेर माणसं जेवायची थांबली होती म्हणून उठून ताटं पुसायला लागली.